पहिल्या पावसाचे पाणी आणि आपली वस्ती

मृगाचा पहिला मोठा पाऊस पडून गेला की आठवडाभरात आमच्या कानावर वस्तीवस्तीतून एकच गोष्ट येते. एका घरातल्या लेकराला हगवण लागते, दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरात, चौथ्या दिवशी अर्ध्या गल्लीत. कोणी म्हणते बाहेरचे खाल्ले, कोणी म्हणते दात येत आहेत, कोणी म्हणते नजर लागली.

काही वर्षांपूर्वी अशाच दिवसांत आमच्या ओळखीच्या एका वस्तीत १४ महिन्यांचे बाळ दगावले. आजीने मायेपोटीच त्याचे पाणी तोडले होते. पाणी पाजले की जुलाब वाढतात, असे तिने तिच्या आईकडून ऐकलेले. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेले तेव्हा बाळाचे डोळे खोल गेले होते आणि रडताना डोळ्यांत पाणी येत नव्हते. फार उशीर झाला होता. त्याच आठवड्यात त्या खालच्या गल्लीतल्या सात घरांत हगवण होती, वरच्या आळीत मात्र एकाही घरात नव्हती. गाव एक, पाऊस एक, नळयोजना एक. मग आजार त्याच गल्लीत का?

या महिन्याच्या आरोग्यपाठात आपल्याला याच प्रश्नाचा अभ्यास करायचा आहे. आजार केवळ नशिबाने येत नाही. जमीन, पाणी, ऊन, पाऊस, घराची जागा आणि आपले काम या सगळ्यांतून त्याची वाट तयार होते. ती वाट कळली तर अडवताही येते.

आपली जमीन आणि आपले पाणी

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ हे त्याचे पाच तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ११ लाख ७७ हजार होती आणि दर शंभरातले जवळपास ८५ लोक खेड्यांत राहणारे होते. उत्तरेला पैनगंगा, दक्षिणेला पूर्णा आणि मधून हिंगोली शहराला लागून जाणारी कयाधू, या आपल्या नद्या. पूर्णेवर सिद्धेश्वर आणि पैनगंगेवर इसापूर ही मोठी धरणेही आपल्याच भागात आहेत. तरी उन्हाळ्यात हापशावर घागरींची रांग लागते. असे का?

याचे एक कारण आपल्या पायाखाली आहे. आपल्या मातीखाली काळा कातळ आहे. वाळूच्या जमिनीत पाणी मुरून भरपूर साठते, तसे कातळात साठत नाही. वरच्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत जेवढे मावेल तेवढेच राहते. म्हणून एका बोअरला पाणी लागते आणि वीस पावलांवरचे दुसरे बोअर कोरडे जाते. पावसाळ्यात आड तुडुंब भरतो आणि मार्चनंतर तळ दाखवतो. भेगांतून पाणी गाळले न जाता वाहते, हीही त्यातलीच गोष्ट. शोषखड्ड्याचे किंवा संडासाच्या खड्ड्याचे पाणी भेगेला लागले तर ते सरळ आडात किंवा हापशात उतरू शकते. संडासाचा खड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान १५ मीटर लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला असावा असे सांगतात, ते यासाठी. कातळाच्या भागात हे अंतर जितके जास्त तितके बरे.

दुसरे कारण काळी माती. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या आपण पाहतो. जमीन अशी हलते तेव्हा तिच्यातून गेलेली नळाची पाइपलाइनही हलते आणि तिचे सांधे सैल होतात. नळ रोज येत नसला तर पाइप रिकामा राहतो. पाण्याचा दाब नसलेल्या रिकाम्या पाइपात सैल सांध्यातून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. पहिला पाऊस झाला की नालीत महिनोन्‌महिने साचलेली घाण पाण्यात मिसळून तुंबते. पाइप त्याच नालीतून गेला असेल तर पुढच्या नळाला पहिली घागर त्या घाणीची भरते. पाणी दिसायला स्वच्छ असले तरी त्यात रोगजंतू असू शकतात.

वस्ती कुठे आहे, यावर आरोग्य ठरते

आपल्या वस्त्या गावकुसाबाहेर का वसल्या, हे वाचकांना सांगायला नको. पाण्याचा हक्क माणूसपणाचा हक्क आहे, हे बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जगाला दाखवून दिले. कायद्याने आज कोणीही पाणवठा अडवू शकत नाही. पण गावाची रचना जुनीच राहिली. पुष्कळ ठिकाणी वस्ती उताराला, ओढ्याकाठी आहे. गावाची नाली वाहत येऊन वस्तीच्या तोंडाशी संपते. नळाची लाइन वरून सुरू होते आणि वस्तीत येईपर्यंत तिचा दाब कमी झालेला असतो. म्हणजे आजाराची वाट आधीच उताराची आहे. त्यात पावसाचीही चाल बदलली आहे.

पाऊस बदलतो आहे

आपला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पूर्वी तो झडीने, थोडाथोडा पडायचा, अशी जुन्या माणसांची आठवण आहे. अभ्यासकांनीही मोजून पाहिले आहे. महाराष्ट्रासह मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिपटीने वाढल्या. हवा तापली की ती अधिक वाफ धरून ठेवते. एका अंशाने हवा तापली तर सुमारे ७ टक्के अधिक वाफ मावते. ती वाफ एकदम उतरली की दोन दिवसांत महिन्याचा पाऊस पडतो आणि मग तीन आठवडे आभाळ कोरडे राहते.

मराठवाड्याने दोन्ही टोके पाहिली आहेत. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये पहिल्या दोन दिवसांतच हिंगोली, परभणी, नांदेड भागात अतिवृष्टी झाली आणि नद्या-ओढे गावांत शिरले. टंचाई आणि पूर ही दोन्ही आजाराची कारणे आहेत. टंचाईत माणूस मिळेल ते पाणी पितो आणि हात धुणे टाळतो. पुरात घाण आणि पिण्याचे पाणी एक होते.

आता एकेक आजार घेऊ.

पहिला धडा : हगवण

हगवणीत लेकरू मरते ते अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. म्हणून पाणी तोडणे हा उपाय नाही, तो घात आहे. जुलाब सुरू झाल्याबरोबर ओआरएस, म्हणजे जलसंजीवनी, सुरू करावी. ती आशाताईंकडे, अंगणवाडीत आणि उपकेंद्रात मोफत मिळते. पाकिटावर किती पाण्यात मिसळायचे ते लिहिलेले असते. मोठे पाकीट १ लिटर पाण्याचे असते, लहान पाकीट कमी पाण्याचे. वाचून किंवा वाचून घेऊनच मिसळावे. पाकीट नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मीठ जास्त झाले तर अपाय होतो, म्हणून चमचा बोटाने सपाट करूनच घ्यावा. तयार पाणी २४ तासांनंतर वापरू नये.

दोन वर्षांच्या आतल्या लेकराला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्याला अर्धा ते एक कप द्यावे. चमच्याचमच्याने, घाई न करता. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा द्यावे. अंगावरचे दूध मुळीच बंद करू नये. सहा महिन्यांवरच्या लेकराला झिंकची गोळी १४ दिवस द्यायची असते. जुलाब थांबले म्हणून ती मध्येच सोडू नये.

डोळे खोल जाणे, लघवी न होणे, पोटाची चिमूट सोडल्यावर कातडी हळू खाली बसणे, लेकरू मलूल पडणे किंवा पाणीही पिऊ न शकणे, शौचात रक्त पडणे, यातले एकही चिन्ह दिसले तर सकाळची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा आणि वाटेतही ओआरएस देत राहावे.

पिण्याचे पाणी पावसाळाभर उकळावे. चांगली खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट ठेवले तरी पुरते. सरपण किंवा गॅस परवडत नसेल तर मेडिक्लोर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे. पाणी गढूळ असेल तर आधी चौपदरी स्वच्छ फडक्यातून गाळावे, कारण गाळात क्लोरीन वाया जाते. माठात हात बुडवू नये, ओगराळे वापरावे.

एक गोष्ट मात्र उकळून जात नाही. खत आणि मलमूत्राच्या पाझरातून येणारे नायट्रेट आणि काही खोल बोअरच्या पाण्यातले फ्लोराइड उकळल्याने कमी होत नाही, उलट पाणी आटल्याने दाट होते. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर आणि फ्लोराइड दीड मिलिग्रॅमच्या वर असू नये. हे तपासूनच कळते. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण आणि तपासणी संच देण्याची तरतूद आहे. त्या पाचांत आपल्या वस्तीतली एक तरी असावी.

दुसरा धडा : साठवलेले पाणी आणि डास

नळ आठवड्यातून एक-दोनदा आला की घरोघरी ड्रम, टिपाड, रांजण, हौद भरले जातात. हा टंचाईवरचा उपाय आहे, पण डेंग्यूचा डास याच स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. हा डास दिवसा चावतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला सुमारे ८ ते १० दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून कोरडी करायची. हाच कोरडा दिवस. नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी असली तरी कित्येक महिने जगतात. कडा काथ्याने घासून काढाव्या. मोठा हौद रिकामा करता येत नसेल तर त्यात गप्पी मासे सोडावेत आणि बाकी भांड्यांना फडके बांधावे. पत्र्यावर टाकलेले जुने टायर, फुटके डबे, नारळाच्या करवंट्या यांत पावसाचे पाणी साचते, ती काढून टाकावी.

ताप आला की मेडिकलवरून मनाने गोळी आणू नये. डेंग्यूत ॲस्पिरिन किंवा ब्रुफेनसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. पोटात जोराने दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, ही धोक्याची चिन्हे. ताप उतरल्यावरचे दोन दिवस अधिक जपावे, कारण धोका पुष्कळदा तेव्हाच वाढतो.

तिसरा धडा : ऊन

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. पण तो पारा सावलीतला असतो. पत्र्याच्या घरात आणि उघड्या रानात अंगाला लागणारी उष्णता याहून अधिक असते. घाम वाळला की अंग गार होते. घाम सुकण्यासाठी वारा लागतो आणि अंगात पाणी लागते. आपल्या माय-बहिणी रानात पाणी कमी पितात, कारण लघवीला जायला आडोसा नसतो. मग उन्हाळी लागते, डोके दुखते, चक्कर येते आणि वर्षानुवर्षे असेच चालले तर मूत्रपिंडावर ताण येतो. ही लाजेची बाब नाही. काम ठरवताना आडोसा आणि पाणी मागणे हा मजुरीच्या बोलणीचाच भाग असायला हवा.

वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा जिल्ह्याला अभिमान आहे. ती हळद फेब्रुवारीपासून पुढे शिजवली जाते तेव्हा कढईच्या वाफेपाशी आणि भट्टीच्या धगीपाशी आपलीच माणसे उभी असतात. वरून ऊन आणि समोरून धग असा तो दुहेरी मारा आहे. हे काम पहाटे सुरू करून अकराच्या आत संपवावे, आळीपाळीने करावे आणि दर अर्ध्या तासाला पाणी प्यावे. ढोलात हळद घासताना उडणारी धूळ नाकातोंडात जाते. दमा असणाऱ्यांनी ते काम टाळावे आणि इतरांनी तोंडाला स्वच्छ फडके बांधावे.

घर थंड ठेवण्यासाठी पत्र्याला बाहेरून चुना लावावा. वर तुराट्यांचा थर टाकला तर उष्णता आणखी कमी होते, मात्र चुलीच्या धुराड्यापासून तो लांब असावा.

उन्हात माणूस बरळू लागला, तोल जाऊ लागला, अंग चटका बसावा एवढे तापले तर तो उष्माघात समजावा. सावलीत घेऊन कपडे सैल करावे, सगळ्या अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ ला बोलवावे. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

चौथा धडा : फवारणी

२०१७ च्या पावसाळ्यात पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या फवारणीने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडोंना रुग्णालयात न्यावे लागले. कापूस डोक्याएवढा वाढलेला, हवा दमट, कीड जास्त, म्हणून औषध जास्त आणि अंगावर घामाने चिकटलेले पातळ कपडे. विष नाकातून जाते, तसे ओल्या कातडीतूनही जाते. डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. वाऱ्याकडे तोंड करून फवारू नये. पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे आणि तोंडाला मास्क मालकाकडून मागून घ्यावा. रिकामा डबा घरात पाण्यासाठी कधीही वापरू नये. फवारणीचे कपडे लेकरांच्या कपड्यांपासून वेगळे धुवावेत.

तोंडाला लाळ सुटणे, खूप घाम, मळमळ, डोळ्यांपुढे धूसर दिसणे, दम लागणे, ही विषबाधेची चिन्हे. कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि औषधाचा डबा किंवा त्यावरचा कागद बरोबर घेऊनच दवाखाना गाठावा. कोणते विष आहे ते कळले तर डॉक्टरांना उपचार लवकर ठरवता येतो.

अभ्यास : वस्तीचा नकाशा

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. १८५४ साली लंडनमध्ये पटकीची साथ आली आणि एका भागात सहाशेहून अधिक माणसे मेली. पटकी घाणेरड्या हवेने होते, असे तेव्हा मोठमोठे लोक मानत. जॉन स्नो नावाच्या डॉक्टराने घरोघर विचारपूस केली आणि कोणत्या घरात माणूस गेला याच्या खुणा नकाशावर केल्या. खुणा एका हापशाभोवती गोळा झाल्या. ८ सप्टेंबरला त्या हापशाचा दांडा काढण्यात आला. जंतूचे नावही माहीत नसताना केवळ विचारून, मोजून आणि मांडून त्याने रोगाची वाट दाखवली.

त्या बाळाच्या वस्तीतल्या महिला मंडळाने पुढे हेच केले. वहीच्या जोडपानावर घरे, नळ, हापसा, नाल्या काढल्या आणि आजारी घरांवर टिकली लावली. सातही टिकल्या एका व्हॉल्व्हच्या पुढे होत्या. तो व्हॉल्व्ह नालीतच बुडालेला होता. तक्रार यापूर्वीही झाली होती, पण "पाणी खराब आहे" एवढीच. आता त्या नकाशा घेऊन गेल्या. काम व्हायला आणखी दोन महिने आणि तीन खेटे लागले. व्हॉल्व्ह वर उचलला गेला, पाइप नालीबाहेर आला. पुढच्या पावसाळ्यात त्या गल्लीत हगवणीची साथ आली नाही. हे आधी झाले असते तर ते बाळ आज शाळेत जात असते, ही खंत आमच्या मनात आहे. म्हणूनच हा पाठ लिहिला.

आपल्या विहारात वर्षावासातल्या एका वाचनाच्या दिवशी पुढील अभ्यास करावा :

१. वस्तीचा नकाशा काढा. पाण्याची प्रत्येक जागा, व्हॉल्व्ह, नाली, संडास, उकिरडा आणि उतार दाखवा.

२. गेल्या पावसाळ्यात कोणत्या घरात हगवण, ताप झाला ते विचारून खुणा करा. खुणा कुठे गोळा होतात?

३. वस्तीत एकटे राहणारे म्हातारे, गरोदर बाया, दोन वर्षांच्या आतली लेकरे यांची यादी करा. उन्हाच्या आणि पुराच्या दिवसांत त्यांच्याकडे कोण जाईल, ते नावानिशी ठरवा.

४. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारा : टाकीत टीसीएल पावडर रोज पडते का? वस्तीच्या शेवटच्या नळाला क्लोरीनची तपासणी होते का? पाण्याच्या स्वच्छता सर्वेक्षणात आपल्या गावाला लाल, पिवळे की हिरवे कार्ड मिळाले?

५. नकाशा जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. १ मे आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तो विषय मांडा. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांच्या विकासाची योजना नाली आणि पाणी यांसाठीही आहे, तिचा आराखडा पाहायला मागा.

ओआरएसची दोन पाकिटे आजच घरात आणून ठेवा आणि ती कशी मिसळायची ते घरातल्या आजीला आधी दाखवा. लेकरू आजारी पडले की पहिला निर्णय बहुतेक वेळा तीच घेते.